‘भूमिका’ परत बघितला, या वेळी आईसोबत

मागच्या रविवारी आईसोबत ‘भूमिका’ बघितला. श्याम बेनेगलांचा, १९७७ चा, स्मिता पाटीलचा. मी आधी दोनदा बघितलेला, एकदा कॉलेजात असताना आणि एकदा असाच रात्री एकटीनं, पण आईनं कधीच नव्हता बघितला. तिला मी एवढंच सांगितलं की हा हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा पिक्चर आहे, तर ती मेथी निवडायची अर्धी टाकून उठून आली. कारण हंसा वाडकर म्हणजे तिच्यासाठी म्हसवडची जत्रा. लहानपणी तिथं तंबूत तिनं ‘सांगत्ये ऐका’ बघितलेला, खाली पोतं अंथरून, बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, आणि आजी शेजारी पदर डोळ्याला लावून बसलेली. आईला स्टोरी आता फारशी आठवत नाही, पण आजी रडत होती आणि आपल्याला कळत नव्हतं का रडतेय, हे आठवतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हंसा वाडकर म्हणजे मूळच्या रतन साळगावकर. घराची परिस्थिती ओढगस्तीची, म्हणून अगदी लहान वयात सिनेमात कामाला लागल्या, १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’पासून. मग बॉम्बे टॉकीजमध्ये गेल्या, प्रभातमध्ये ‘संत सखू’ (१९४१) केला, ‘रामशास्त्री’त होत्या, आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं तर त्यांना सगळ्या महाराष्ट्रात नेलं. मग १९५९ चा अनंत मानेंचा ‘सांगत्ये ऐका’, जो पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, अडीच वर्षं एकाच थिएटरला! ‘बुगडी माझी सांडली गं’ त्यातलंच. आणि एवढं सगळं होऊन या बाईनं आपली कहाणी सांगितली तेव्हा पुस्तकाला नाव त्याच पिक्चरचं दिलं, ‘सांगत्ये ऐका’. अरुण साधूंनी ते शब्दांकन केलं, आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं आणि १९७० ला राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये हंसाबाई गेल्या, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. ‘भूमिका’ या पुस्तकावर बेतलेला आहे आणि तो आला तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मला दर वेळी वाटतं की त्यांनी हा बघायला पाहिजे होता, स्मिताला बघून काय म्हणाल्या असत्या.

पिक्चरमध्ये नावं बदललीत. हंसाबाईंची उषा झालीय, पडद्यावरचं नाव उर्वशी. सुरुवातच लावणीनं होते, ढोलकी, घुंगरं, स्मिता सगळी फ्रेम भरून नाचतेय, आपण रंगात येतो आणि तेवढ्यात कळतं की अरे हे शूटिंग चाललंय, आणि मग ती घरी येते तर तिथं नवरा वाट बघत बसलेला, कोण सोडायला आलं होतं, उशीर का झाला. भांडण होतं, ती बॅग घेऊन निघते आणि हॉटेलात जाऊन राहते. बास, पहिल्या काही मिनिटांत सगळं आलं. दिवसभर हजार लोकांसमोर नाचून पैसे आणणारी बाई आणि तिच्याच पैशावर चाललेल्या घरात तिची उलटतपासणी.

मला हा पिक्चर म्हणजे ‘नटीच्या आयुष्यातले पुरुष’ अशा पद्धतीनं सांगितलेला अजिबात आवडत नाही आणि बहुतेक ठिकाणी तसाच सांगतात, नवरा अमोल पालेकर, हिरो अनंत नाग, डायरेक्टर नसीर, जमीनदार अमरीश पुरी, चार पुरुष आणि एक बाई. असं सांगितलं की वाटतं ही बाईच चंचल असणार. पण नीट बघा ना, ती सगळीकडे एकच गोष्ट मागतेय, घर. साधं घर, जिथं सकाळी उठून कामावर जायचं नाही, चूल पेटवायची, पोरीच्या वेण्या घालायच्या. लग्न झाल्यावर तिला वाटतं आता सुटले, आता मी संसार करणार, आणि नवराच नवीन पिक्चरचं काँट्रॅक्ट घेऊन दारात उभा. तो तिचा मॅनेजर, तो तिचे पैसे बघणार, धंदे तोच काढणार आणि तेच बुडणार, आणि वर हिरोबरोबर काम केलं म्हणून संशयही तोच घेणार. म्हणजे ज्या माणसासोबत काम करायला यानंच पाठवलं त्याच्यावरूनच हा तिला बोलणार. अशी घरं मी पाहिलीत. नटी नसते तिथं, शाळेतली शिक्षिका असते नाहीतर बँकेत असते, पगार सगळ्यांना पाहिजे आणि सातच्या पुढे दहा मिनिटं झाली की घड्याळ दाखवतात. माझ्या एका जवळच्या नात्यात हे वर्षानुवर्षं चाललं आणि ती बाई आमच्यासमोर कधी एका शब्दानं बोलली नाही, म्हणून तो पहिला सीन मला कधीच शांतपणे बघवत नाही.

अमोल पालेकरचं काम बघून आई हादरली. तिच्या डोक्यात ‘रजनीगंधा’, ‘छोटीसी बात’, ‘चितचोर’ मधला भोळा, गोड माणूस, आणि ‘चितचोर’नंतर वर्षभरातच हा केशव दळवी! आणि त्यानं आवाज चढवून व्हिलन नाही केलाय, तीच साधी चेहरेपट्टी, तोच मऊ आवाज, फक्त त्याच्या मागं हिशोब आहे. उषा लहान पोर असल्यापासून तो त्या घरात येतो-जातो, उपकार करतो, आणि ते उपकार विसरू देत नाही. लहानपणीचा भाग तिकडं गोव्या-कोकणाकडचा आहे, कलावंतिणीच्या घरातला, आजी गाणारी, गाण्याचा रियाज, बाप दारूडा आणि आजारी (हे बी. व्ही. कारंत), आणि आई सुलभा देशपांडे. सुलभाताईंबद्दल कमी बोललं जातं म्हणून मुद्दाम लिहिते, ही आई पोरीला मारते, ओरडते, लग्नाला विरोध करते आणि आपल्याला सुरुवातीला तिचा राग येतो, पण पिक्चर संपता संपता कळतं की केशवबद्दल तिचंच बरोबर होतं. आईच्या आईनं भोगलं, आईनं भोगलं, म्हणून तिला पोरगी लग्नाच्या चौकटीत हवी होती पण या माणसाच्या नव्हे. आणि पोरगी नेमकी आईच्या हट्टाविरुद्ध त्याच्याच पदरात जाते. पुस्तकातही हे आहे, संशय घेता ना, मग करूनच दाखवते, अशा जिद्दीतून आयुष्याचा एवढा मोठा निर्णय, तो पण कोवळ्या वयात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पिक्चरमध्ये रंग बदलत राहतात, जुन्या आठवणी तपकिरी-काळ्यापांढऱ्या आणि आत्ताचं रंगीत. आमच्याकडे जुनी डीव्हीडी होती आणि तिची प्रिंट मुळातच इतकी खराब की आईला वाटलं टीव्ही बिघडला. मी तिला समजावलं तेव्हापासून मात्र ती माझ्या आधी ओळखायला लागली, हां आता मागं गेलं, हां आता परत आलं. गोविंद निहलानींचा कॅमेरा आहे. आणि काळ कुठला चाललाय हे कुणी पाटी लावून सांगत नाही, मागं रेडिओ चालू असतो, त्यावर बातम्या, युद्ध, देश कुठं चाललाय ते, आणि पुढं घरात तीच भांडणं. शूटिंगचे सीन पण बघण्यासारखे आहेत, तीसच्या दशकातले पिक्चर कसे दिसायचे, मग चाळीसमधले, मेकअप, पडदे, उभं राहायची पद्धत, सगळं बदलत जातं आणि वनराज भाटियांनी गाणी पण त्या त्या काळासारखी केलीत. ‘तुम्हारे बिना जी ना लगे घर में’ प्रीती सागरच्या आवाजात, हे गाणं एरवी रेडिओवर ऐकलं की हलकंफुलकं वाटतं, पण जी बाई ते पडद्यावर गातेय तिला घर नाहीये हे कळल्यावर ते तसं ऐकवतच नाही मला.

मधला भाग थोडा ढिला आहे, प्रामाणिकपणे सांगते. नसीरचा डायरेक्टर सुनील वर्मा, मरणाबिरणाच्या मोठमोठ्या गोष्टी करणारा, दोघं मिळून जीव द्यायचं ठरवतात आणि हा पठ्ठ्या तिला फसवतो. कल्पना जबरदस्त आहे पण नसीरला वेळच दिला नाही, येतो, बोलतो, जातो. अनंत नागचा राजनसुद्धा कायम फुलं घेऊन दारात उभा असल्यासारखा, चांगला माणूस आहे पण त्याचं पुढं काही होत नाही. या दोघांना जेवढा वेळ दिलाय त्यातला निम्मा तिच्या मुलीला द्यायला हवा होता असं मला या वेळी फार वाटलं. मुलगी सगळं बघत मोठी होते आणि तिला काय वाटतं हे आपल्याला शेवटाकडं थोडंसंच कळतं.

आणि मग काळेचा वाडा. इथं आईनं रिमोट घेऊन आवाज वाढवला. अमरीश पुरी विनायक काळे, पैसेवाला, शांत, अदबीनं बोलणारा, तिला आपल्या इस्टेटीवर घेऊन जातो दुसरी बायको म्हणून. मोठं घर, नोकरचाकर, म्हातारी सासू (दीना पाठक), एक लहान मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली पहिली बायको. आणि उषा तिथं रमते! हे मला आधी दोनदा बघून पण खटकलं होतं, की एवढी मोठी नटी इथं कशी रमेल, पण आई म्हणाली, का नाही रमणार, तिला आयतं घर मिळालं, सासू मिळाली, पोर मिळालं, जे तिला पाहिजे होतं तेच तर आहे सगळं. खरंय. ती सासूचं मन जिंकते, त्या आजारी बाईचं करते, मुलाला लळा लावते. नटी कुठं दिसत नाही, गृहिणी दिसते. आणि मग एक दिवस गावात जत्रा असते, तिला मुलाला जत्रेला न्यायचं असतं, बस्स एवढंच, आणि तिला सांगतात की मालकांच्या परवानगीशिवाय बाहेर जाता येणार नाही. तिला आधी वाटतं काहीतरी गैरसमज आहे. मग तिच्या लक्षात येतं की गैरसमज नाहीये, या घरचा तसा रिवाजच आहे, आणि तो तिला आधी सांगायची कुणाला गरजही वाटली नव्हती. अमरीश पुरी यात एकदाही ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. पुढं दहा वर्षांनी आपण सगळे मोगँबो मोगँबो करत होतो पण खरा घाबरवणारा माणूस हा.

या सीनला आई एकदम म्हणाली, “अगं ही तर सखूच की.” आणि मी गप्पच झाले, कारण मी तीनदा पिक्चर बघून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संत सखूची गोष्ट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, सासरच्यांनी खांबाला बांधून ठेवलेली, पंढरीला जाऊ देत नाहीत, आणि विठ्ठल स्वतः तिच्या जागी बांधून घेतो आणि तिला मोकळी करतो. प्रभातच्या पिक्चरमध्ये ती सखू हंसा वाडकरांनीच केली होती, विशी पण नीट गाठली नव्हती तेव्हा. आणि पुढं त्यांच्या खऱ्या आयुष्यात त्या मराठवाड्यात अशाच एका घरात जाऊन अडकल्या, पुस्तकात आहे सगळं. बेनेगलांनी जत्रा मुद्दाम घातली का मला माहीत नाही, पण महाराष्ट्रातल्या बाईला घरात कोंडलंय आणि बाहेर जत्रा चाललीय हे दाखवलं की आपल्याला सखूच आठवणार. फक्त इथं सोडवायला विठ्ठल येत नाही. केशव येतो, पोलीस घेऊन. ज्याच्यापासून पळाली त्यालाच बोलवावं लागतं कारण कायद्यानं नवरा तोच, बाकी कुणाचा हक्क चालत नाही. आणि निघताना ती अंथरुणावरची पहिली बायको तिला सांगते, बिछाने बदलतात, चुली बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत, अशा अर्थाचं. ती बाई स्वतः उठू शकत नाही, आणि जाणारीवर तिचा राग पण नाही. आईनं तो सीन मागं घेऊन परत बघायला लावला.

आता स्मिता. काय लिहू. शूटिंगच्या वेळी बावीसच्या आसपास वय असेल तिचं, १९५५ चा जन्म. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी मुलगी, नाटकी ॲक्टिंगच्या जुन्या शाळेतली नाही, आणि तिनं यात कोवळ्या पोरीपासून लग्न झालेल्या मुलीच्या आईपर्यंत सगळं केलंय. केस पांढरे करून नाही. आवाज बदलतो, बसायची पद्धत बदलते. सुरुवातीची उषा बोलताना पुढं झुकते, सगळ्यात उत्साह, आणि शेवटाकडची उषा उत्तर द्यायला वेळ घेते, समोरच्याला काय पाहिजे हे आधीच कळल्यासारखं. आणि जुन्या काळच्या पिक्चरच्या शूटिंगमध्ये ती त्या काळच्या नटीसारखी वाईट, ठोकळेबाज ॲक्टिंग करते, मग कट झाला की परत उषा, हे करणं किती अवघड आहे विचार करा, चांगल्या नटीनं वाईट नटी व्हायचं आणि तरी तिची टिंगल होऊ द्यायची नाही. नॅशनल ॲवॉर्ड मिळालं तिला यासाठी, पटकथेला पण मिळालं, गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल तिघांना, आणि बेस्ट पिक्चरचं फिल्मफेअर. पण मला ॲवॉर्डपेक्षा जास्त हे महत्त्वाचं वाटतं की तिनं उषाला बिचारी केलं नाही. उषा चुका करते, चिडते, मुलीला मागं ठेवून निघून जाते, आणि स्मिता कुठंही आपल्याला म्हणत नाही की बघा मला माफ करा. डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली, एकतीस वर्षांची. हंसाबाई पण लवकर गेल्या. पिक्चर बघताना हे दोन्ही डोक्यात राहतंच.

माझी मोठी तक्रार एक आहे आणि ती जुनीच आहे. ही एवढी मराठी गोष्ट हिंदीत का? मला कारणं कळतात, बेनेगल हिंदीत काम करायचे, पिक्चर देशभर जायला पाहिजे, वगैरे. तरी पण लावणी हिंदीत ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, ढोलकी आपली, ठसका आपला आणि शब्द परके. हंसाबाईंचं सगळं मोठं काम मराठीत, रामजोशीतली बया, सखू, आणि त्या ज्या भाषेत जगल्या, भांडल्या त्यातलं पडद्यावर फार थोडं उरलंय. सुलभा देशपांडे, पालेकर, स्मिता, अमरीश पुरी आणि संवाद लिहिणारे दुबे, ही सगळी मुंबईतली आणि मराठीत वावरणारी माणसं एकत्र होती, म्हणून हळहळ जास्त. दुसरं म्हणजे पुस्तकात हंसाबाई दारूबद्दल, कर्जाबद्दल, आजारपणाबद्दल सरळ बोलतात. पिक्चर त्यातलं बरंच सोडतो, कदाचित उषाला जरा सोज्वळ ठेवायला. मला वाटतं त्याची गरज नव्हती.

म्हणून पिक्चर बघाच पण पुस्तक वाचा, छोटंसं आहे, दोन बैठकांत होतं. आणि ते वाचताना पहिल्या पानापासून समोर कुणीतरी बसून बोलतंय असं वाटतं, रडगाणं नाही, उपदेश नाही, मी असं केलं, मग असं झालं, तेव्हा मला असं वाटलं. १९७० मध्ये एका मराठी बाईनं हे छापायला दिलं हे लक्षात ठेवून वाचा, तेव्हाच्या नट्या सहसा आत्मचरित्र लिहीत नव्हत्या, आणि असं तर नाहीच.

घरी बघायचा असेल तर दोन-तीन गोष्टी. सव्वादोन तासांच्या वर आहे, मध्ये उठू नका, मागे-पुढे इतकं जातं की धागा सुटतो. लहान मुलांना घेऊन बसू नका. मोबाइलवर तर नकोच, तपकिरी सीनमध्ये चेहरे दिसणार नाहीत. आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या बाईसोबत बघा, मला एकटीनं दोनदा बघून जे दिसलं नव्हतं ते आईला पहिल्यांदा बघताना दिसलं. रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा हिंदीचा कापला.

शेवटी उषा परत त्याच हॉटेलच्या खोलीत येते. मुलीचं लग्न झालंय, तिला दिवस गेलेत, ती म्हणते आमच्याकडे राहायला ये. उषा नाही म्हणते. ती गेल्यावर खोलीत फोन वाजतो. आईला वाटलं अजून पुढं आहे. नाही, संपला म्हटल्यावर म्हणाली, “जायला पाहिजे होतं तिनं लेकीकडं.” मग मेथी निवडायला बसली, आणि जुडी जवळजवळ संपत आल्यावर म्हणाली, “नाही, बरंच केलं नाही गेली ते. तिथं पण ती पाहुणीच.” आता माझं पुस्तक तिच्या उशाशी आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून भिंग धरून वाचतेय, रोज चार पानं.